खांबांना कुलूप

महापालिकेच्या ऑफिसात तिला सगळे पर्जताई म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत असतील असा तिचा गैरसमज कधीच नव्हता. पर्ज ही नकाशाच्या सॉफ्टवेअरमधली एक कमांड. फाइलमध्ये साचत गेलेला, कोणाच्याच उपयोगाचा नसलेला कचरा ती झाडून काढते. कोणीही पेनड्राइव्ह घेऊन टेबलापाशी आलं की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला, "पर्ज केलीय?" बसा म्हणणं, पाणी विचारणं, घरचे कसे आहेत, हे सगळं नंतर. समोरचा छातीठोकपणे "हो" म्हणाला तरी ती फाइल उघडून बघे, आणि बहुतेक वेळा तो माणूस तोंड पाडून परत जाई.

तिच्या ताब्यात अख्खं शहर होतं. शहराचा नकाशा म्हटल्यावर भिंतीवर टांगतात तसला डोळ्यांपुढे आणू नका. तिच्या फाइलमध्ये प्रत्येक घराचा प्रत्येक कोपरा होता. कुंपणं होती, फाटकं होती, पायऱ्या, गटारांची झाकणं, झाडांची खोडं, सार्वजनिक नळाची तोटी, एवढंच काय, बागेबाहेरचं बाकडंसुद्धा होतं. मोजणीवाले उन्हात उभे राहून यंत्रातून टिंबं गोळा करून आणत आणि त्या टिंबांचं शहर करणं हे हिचं काम. प्रत्येक जातीच्या वस्तूला तिचा तिचा लेयर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे लेयर असतात. घरांचा वेगळा, झाडांचा वेगळा, गटारांचा वेगळा. हवा तो दाखवायचा, नको तो झाकायचा. किती साधी गोष्ट! पण साधी गोष्ट लोकांना जमत असती तर ताईचे केस इतक्या लवकर पिकले नसते.

कारण तिची ही फाइल सगळेच वापरत. रस्तेवाले येत आणि रस्ता झाडांच्या लेयरवर काढून ठेवत. पाणीवाल्यांचा तर सगळाच कारभार लेयर झिरोवर, म्हणजे घरातली भांडी, चपला, अंथरुणं एकाच खोलीत दारातून भिरकावून द्यावीत आणि वर म्हणावं की सामान लावलं. कोणी घराची चौथी भिंत केसभर उघडी सोडे. दिसायला ते घर, पण मशीनच्या लेखी चार सुट्या रेघा. मग क्षेत्रफळ निघेना की बोंब, "ताई, तुमचा नकाशा चुकतोय." माझा नकाशा! ती दातओठ खात तो कोपरा शोधायची, झूम करत करत आत शिरायची, आणि ती केसभर फट बुजवून टाकायची. तेवढ्यात दुसरीकडून हाक येई.

एकदा वीजवाल्यांच्या एका ड्राफ्ट्समनने कहर केला. छापील कागदावर खांबांची चिन्हं अक्षरांवर येतात, वाचायला त्रास होतो, म्हणून या महाशयांनी एका पूर्ण वस्तीतले दिव्याचे खांब उचलून बाजूला ठेवले. छान, मोकळ्या जागेत. कोणाच्या परसात, कोणाच्या विहिरीत. ताईने त्या दिवशी डबा उघडला नाही. मोजणीची जुनी टिंबं काढून एकेक खांब जागेवर नेऊन बसवला, आणि मग खांबांच्या लेयरला कुलूप घातलं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते: लेयर लॉक केला की त्यावरच्या वस्तू दिसतात, पण कोणाला पुसता येत नाहीत, हलवताही येत नाहीत.

"आता शहर इकडचं तिकडे झालं तरी माझे खांब हलायचे नाहीत," ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. त्या कुलपाचा तिला फार अभिमान वाटला होता.

नवरा बसवर कंडक्टर होता. आता नाही, पण गल्लीत अजून त्याला कंडक्टरच म्हणतात. चालत्या बसमध्ये दांडीला हात न लावता, खच्चून गर्दीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पाठीने जाणारा माणूस. मग डोळ्यांचा पडदा कडेकडेने विझत गेला. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं, आणि आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. बसखात्याने त्याला घरी बसवलं नाही, हे त्यांचे उपकार. आवाज खणखणीत म्हणून स्थानकातल्या कोठडीत माइकसमोर खुर्ची दिली. शेजारचा कारकून सांगतो, आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागतेय ते हा साऱ्या स्थानकाला सांगतो. काम त्याला आवडत होतं.

अडचण होती ती तिथवर जायची. गल्लीच्या तोंडापासून स्थानकापर्यंत रस्ता सरळसोट, पण फुटपाथ असा की डोळस माणसानेही जपून पाय टाकावा. म्हणून रोज सकाळी ताई त्याला सोडायला जाई. त्याने तिचं कोपर धरायचं, तिने अर्धं पाऊल पुढे चालायचं.

"किती हळू चालतेस!"

"मी हळू नाही, तुम्ही ओढताय."

"मी ओढत नाही, तू थांबतेस."

"पुढे बाई उभी आहे पिशव्या घेऊन. तिच्यावरून जाऊ?"

भांडण असं नव्हे, पण रोजचं ते घासणं दोघांनाही नकोसं झालं होतं. स्थानकाच्या दारात त्याचे जुने सोबती भेटत, आणि त्यांच्यासमोर बायकोच्या कोपराला धरून उभं राहणं त्याच्या जिवावर येई. तो दहा पावलं आधीच हात सोडून देई आणि मग चाचपडत दारातून आत जाई. ते पाहून ताईला राग यायचा. कोणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अशात बातमी आली की त्या फुटपाथवर पिवळी पट्टी टाकणार. खाचा-उंचवट्यांच्या फरश्यांची ओळ, अंध माणसाने काठीच्या टोकाने तिचा माग घेत चालायचं. गल्लीच्या तोंडापासून थेट स्थानकाच्या दारापर्यंत. कंडक्टरला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्याने प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. तिथल्या बाईंनी शिकवलं, की काठी आपटत बसायचं नाही, टोक खाचेत ठेवायचं आणि घसरवत न्यायचं. पट्टीवर विश्वास ठेवायचा. घरी सराव कुठे करणार? गॅलरीत एक लांब रबरी पायपुसणं होतं, त्याच्या कडेने हा रोज संध्याकाळी काठी घासत येरझाऱ्या घाली. खालच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहते. तिच्या डोक्यावर हे सगळं चालायचं.

"काय चाललंय वर? फरशी खरवडताय का?" नणंदबाई जिन्यातून विचारत.

"वन्सं, सराव चाललाय त्यांचा."

"कशाचा? एकटं जायचा? माझा भाऊ त्या रस्त्यावर एकटा जाणार आणि तू ऑफिसात बसून रेघोट्या मारणार? जनाची नाही तरी मनाची ठेव काहीतरी."

ताई हे पोटात घालायची. कंडक्टर मात्र आतून ओरडायचा, "अक्का, पट्टी पडू दे. मग बघ. ही पण सुटली आणि मी पण सुटलो." सुटलो हा शब्द ताईला आधी लागला होता. पण नंतर तिने स्वतःशी कबूल केलं की तिलाही तेच हवं आहे. सकाळी स्वतःच्या चालीने चालावं, तोही त्याच्या चालीने चालेल. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

पट्टीचं डिझाइन बाहेरच्या एका आर्किटेक्टकडे गेलं होतं. तरुण मुलगी, हुशार, बोलायला गोड. ताईकडून तेवढ्या रस्त्याचा नकाशा घेऊन गेली तेव्हा ताईने तिला नेहमीचं सांगितलं होतं, "हा नकाशा तुझ्या फाइलला नुसता जोडून ठेव. आत चिकटवून घेऊ नकोस. जोडलेला असला की मी इथे दुरुस्त केलं ते तुझ्याकडे आपोआप होतं. चिकटवलास की तो तुझा झाला, मग माझा-तुझा संबंध संपला." मुलीने मान डोलावली होती. माना सगळेच डोलावतात.

मंजूर झालेली फाइल ताईच्या टेबलावर आली ती मुख्य नकाशात सामावून घेण्यासाठी. त्या दिवशी मात्र तिने पर्ज केलीय का ते विचारलं नाही. एखाद्याने घरचं पत्र फोडावं तशी घाईने तिने फाइल उघडली आणि गल्लीचं तोंड गाठलं. तिथून पिवळी रेघ सुरू होत होती. कर्सर त्या रेघेवर ठेवून ती निघाली. जणू नवऱ्याचं बोट धरून. शिंप्याचं दुकान गेलं, शाळेचं फाटक गेलं, झाडाला पट्टीने सुरेख वळसा घातला. मुलीने काम नेटकं केलं होतं. प्रत्येक खांब पट्टीच्या एका बाजूला, माणूस जाईल एवढं अंतर सोडून. मग दवाखाना आला आणि ताईचा हात थांबला.

दवाखान्यासमोरचा दिव्याचा खांब दवाखान्याच्या भिंतीत उभा होता.

भिंतीला टेकून नाही. भिंतीच्या आत. आणि हा खांब ताईला चांगला माहीत होता, कारण रोज सकाळी कंडक्टर तिथे पोचला की हात लांब करून त्यावर थाप मारी आणि म्हणे, "आला दवाखाना." खांब आणि भिंत यांच्यामध्ये ओझं घेतलेला माणूस सहज जाईल एवढी जागा होती. नकाशात ती जागाच नव्हती. तिने अंतर मोजलं. मग पुढचा खांब मोजला, त्याच्या पुढचा मोजला. झाडून सगळे खांब भिंतींच्या दिशेने पाऊण मीटर सरकलेले, आणि पट्टी त्या सरकलेल्या खांबांना चुकवून काढलेली. म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर ते खांब जिथे होते, बरोबर तिथून पट्टी जात होती. एखाददुसरा सोडला तर एकेका खांबाच्या मधोमध.

तिने फोन उचलला तेव्हा तिचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू जात होता.

"काय केलंस तू माझ्या खांबांचं?"

"ताई? मी खांबांना हातसुद्धा लावला नाही हो!"

"मग ते काय चालत गेले भिंतीत?"

मुलगी रडकुंडीला आली, पण फोन ठेवला नाही, आणि दुपारी लॅपटॉप घेऊन स्वतः आली. दोघींनी शेजारी बसून फाइल उलगडायला घेतली. झालं होतं ते असं. रस्त्याच्या कडेची नवी मोजणी मुलीकडे होती, ती ताईच्या नकाशाशी पाऊण मीटरने जुळत नव्हती. नव्या मोजणीवाल्यांनी आपलं यंत्र कुठल्यातरी हललेल्या खुणेच्या दगडावरून लावलं असणार. जुळत नाही म्हटल्यावर हिने काय करावं? नकाशा आपल्या फाइलमध्ये चिकटवून घेतला, सगळा सिलेक्ट केला, आणि पाऊण मीटर सरकवून नव्या मोजणीवर नेऊन बसवला.

"अगं, टेबल बसत नाही म्हणून कोणी घर सरकवतं का?" ताई म्हणाली.

"मला वाटलं जुनं तेच चुकलं असेल."

"बरं, सगळा सरकवलास ना? मग खांब का नाही सरकले? सगळ्याबरोबर तेही गेले असते तर निदान एकमेकांत अंतर तेच राहिलं असतं. पट्टी बरोबर पडली असती."

मुलीने नकाशा पुन्हा मूळ जागी घेतला, पुन्हा सगळं सिलेक्ट केलं आणि पुन्हा सरकवून दाखवलं. घरं सरकली, झाडं सरकली, कुंपणं सरकली. खांब जागचे हलले नाहीत. खाली, जिथे कमांड टाइप करतात त्या पट्टीत, एक बारीक ओळ येऊन वर निघून गेली. ती ओळ कोणी वाचत नाही. ताई मात्र वाचते. इतक्या वस्तू लॉक केलेल्या लेयरवर होत्या, असं सॉफ्टवेअर म्हणत होतं.

ताई त्या ओळीकडे बघत राहिली. शहर इकडचं तिकडे झालं तरी माझे खांब हलायचे नाहीत. तसंच झालं होतं, अगदी शब्दाला शब्द. शहर हललं होतं आणि खांब हलले नव्हते. कुलूप तिचंच. सकाळपासून जो राग मुलीवर काढत होती तो आता ठेवायला जागा उरली नाही. राग मात्र तसाच होता, उलट वाढलाच होता. तिने मुलीला पाणी दिलं आणि "तुझी एकटीची चूक नाही" एवढं कसंबसं म्हटलं.

दोघी साहेबांकडे गेल्या. साहेब इंजिनिअर, माणूस वाईट नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अंगठा आणि करंगळी ताणून टेबलावर वितीने पाऊण मीटर मोजून बघितलं.

"एवढंच ना?"

"माणूस केवढा रुंद असतो, साहेब?" ताईने विचारलं.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "मला कळतंय हो. पण फरश्या कालपासून पडायला लागल्यात. कागद मंजूर होऊन ठेकेदाराकडे गेलाय. आता बदलायचा म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा सह्या. तोवर फुटपाथ उखडलेला ठेवू? लोक आधीच माझ्या नावाने खडे फोडतायत. मी साइटवर निरोप देतो, तिथे जुळवून घेतील. राहिलंसाहिलं पुढच्या टप्प्यात."

"तिथे कोण जुळवणार? त्यांच्या हातात कागद हाच आहे."

"निरोप देतो म्हटलं ना."

ताईने आपल्या मुख्य नकाशात शोधशोध शोधलं. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. तिथे खांब, भिंती, झाडं, सगळं आपापल्या जागी होतं. चूक होती ती त्या चिकटवलेल्या तुकड्यात, आणि तो तुकडा आता छापील कागद होऊन कोणाच्या तरी खिशात घडी घालून फिरत होता. तिथवर तिचा हात पोचत नव्हता. म्हणून ती ऑफिस सुटल्यावर पायीच फुटपाथवर गेली.

मुकादम दवाखान्यापाशीच होता. फरश्या बसवून झाल्या होत्या. पिवळीधमक ओळ सरळ येऊन खांबाला भिडली होती, आणि खांबाभोवतीची फरशी कारागिराने गोल कापून इतकी बेमालूम बसवली होती की नखही आत जाणार नाही.

"निरोप मिळाला नाही तुम्हाला?" ताईने विचारलं.

"मिळाला ना. जुळवून घ्या म्हणाले. घेतलं की जुळवून." मुकादमाने कौतुकाने त्या गोल कापावर पाय फिरवला. "कटरने होत नाही हे, बाई. हाताने केलंय."

"अहो, पण यावरून आंधळा माणूस येणार! तो जाणार कुठे?"

मुकादमाने कागद काढला, उघडला आणि तिच्यापुढे धरला. कागदावर तिथे खांब नव्हता. "आम्ही कागद सोडून गेलो तर आमचं काम पाडतात," तो म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता. ताईने हात टेकले. एवढ्या सगळ्यांत एकही माणूस असा सापडला नाही की ज्याच्यावर मनासारखं ओरडावं.

घरी कंडक्टर बूट पुसून, काठी दाराशी उभी करून बसला होता. गल्लीतल्या कोणीतरी सांगितलं होतं, की पट्टी पूर्ण झाली.

तिने त्याला सगळं सांगितलं. कुलपासकट सांगितलं. त्याने दाराकडे हात नेऊन काठी चाचपली.

"सगळ्याच खांबांत जाते?"

"बहुतेक सगळ्या."

"ते तुझ्या मशीनमध्ये. रस्त्यावर मी स्वतः बघेन."

"अहो, मी डोळ्यांनी बघून आलेय!"

"तू डोळ्यांनी बघून आलीस. मी काठीने बघतो." तो चिडला होता. "इतके दिवस थांबलो, आता म्हणतेस नको. मी उद्या जाणार. तू मागून ये हवं तर, पण बोलायचं नाही. हात लावायचा नाही. खांब आला तर मला कळेल, काठी कशाला आहे मग?"

खालून नणंदबाई ओरडल्या, की माझ्या भावाच्या जिवावर उठलेत सगळे. ताईने दार लावून घेतलं.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी त्याने काठीचं टोक खाचेत ठेवलं. ताई मागे, पाच-सहा पावलांवर. तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं: बोलायचं नाही म्हणाला तरी दवाखान्याच्या आधी, औषधांच्या दुकानाची पाटी आली की हाक मारायची. आधीचे दोन खांब नशिबाने पट्टीच्या कडेला होते, तिसरा दवाखान्याचा.

तो निघाला. पहिली काही पावलं जपून, मग काठी खाचेत सरसर घसरायला लागली आणि त्याचे खांदे सैल झाले. शिंप्याच्या दुकानाशी त्याची चाल वाढली. शाळेच्या फाटकाशी तर ताईला जवळजवळ पळावं लागलं. झाडाच्या वळशावर पट्टी वळली तसा तोही वळला, न अडखळता. आणि मग तिला ती पाठ दिसली. ताठ, सरळ, गर्दीतून वाट काढत जाणारी, दांडीला हात न लावणारी. किती वर्षांनी दिसली! रोज ती अर्धं पाऊल पुढे असायची, त्याची पाठ तिला दिसायचीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किती सुंदर चालतो हा माणूस, एवढंच तिच्या मनात होतं. औषधांच्या दुकानाची पाटी आली आणि गेली.

"अहो, खांब!" ती ओरडली तोवर उशीर झाला होता. काठी खाचेतून खांबाच्या कडेने पुढे निसटली होती आणि मागोमाग तो भर वेगात कपाळाने खांबावर आदळला.

दवाखान्यातल्या नर्सने जखम पुसून पट्टी बांधली. टाके पडले नाहीत. "आपटलो तेही दवाखान्यासमोर, सोय चांगली केलीय तुमच्या ऑफिसने," तो नर्सला म्हणाला आणि नर्स हसली. ताईला हसू आलं नाही. बाहेर आल्यावर तो खांबापाशी वाकला, बोटांनी फरशीचा तो गोल काप चाचपला, सगळीकडून.

"काम सुबक केलंय," तो म्हणाला. मग विचारलं, "तुला माहीत होता ना हा खांब?"

"हो."

"मग?"

"तुमच्या पाठीकडे बघत होते," ती म्हणाली. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. त्याने काठीची घडी घातली आणि हात पुढे करून तिचं कोपर धरलं. त्या दिवशी स्थानकाच्या दारात त्याचे सोबती उभे होते तरी त्याने ते सोडलं नाही. तिला तेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात झालेल्या कामाची मोजणी आली. नियम आहे तसा: रस्त्यावर काय असायला हवं होतं ते नकाशात चालत नाही, जे आहे ते दाखवायचं. आणि हा नियम वर्षानुवर्षं सगळ्यांना ओरडून सांगणारी हीच. मोजणीवाल्यांची टिंबं तिने आत घेतली, पट्टीला नवा लेयर केला, पिवळा रंग दिला, आणि टिंबाला टिंब जोडत गेली. रेघ गल्लीच्या तोंडापासून निघाली, झाडाला वळसा घालून दवाखान्याशी आली आणि खांबाच्या चिन्हाला नेमकी मधोमध भिडली. गोल कापासकट. तिने फट कुठे राहिली नाही ना ते झूम करून बघितलं. नव्हती.

"जुळलं का आता?" जाता जाता साहेबांनी विचारलं.

"जुळलं," ती म्हणाली. खरंच जुळलं होतं. आता नकाशात काहीही चूक नव्हती.

खांबांच्या लेयरवरचं कुलपाचं चिन्ह तसंच होतं. तिने कर्सर त्यावर नेला. काढावं तर उद्या कोणीतरी खांब उचलून विहिरीत ठेवणार. ठेवावं तर कोणीतरी खांब सोडून शहर उचलणार. पुढचा टप्पा कधी, ते विचारायला ती दोनदा साहेबांकडे जाऊन आली होती, आणि दोन्ही वेळा साहेब तिच्यापेक्षा जास्त कंटाळलेले दिसले होते. तिने कुलूप तसंच ठेवलं आणि मशीन बंद केलं.

स्थानकात त्याचा आवाज घुमत होता, फलाट, गाडी, सुटण्याची वेळ, सगळं स्पष्ट आणि ठणठणीत. तो आवाज ऐकून कोणालाही वाटलं असतं की या माणसाला सगळं दिसतंय. ती कोठडीच्या दाराशी उभी राहिली. पाळी संपल्यावर तो बाहेर आला, "आलीस?" म्हणाला, आणि हवेत हात फिरवून तिचं कोपर शोधलं. मग पिवळ्या पट्टीपासून दोन हात लांबून दोघं घरी निघाली.